बाबांच्या वहीतली पळी

आमच्या पिढीतल्या पुणेकरांना विचारा, चित्र काढणं कधी सुटलं? बहुतेकांना इयत्तासुद्धा आठवते. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, आणि शेवटी निकाल. ए ग्रेड मिळालेली मुलं ‘चित्रकार’ ठरली. सी मिळालेल्यांनी रंगपेटी धाकट्या भावंडाला देऊन टाकली. गाण्याचंही तसंच. गांधर्वच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा पायऱ्या चढत जायच्या आणि परीक्षा जिथे थांबेल तिथे गाणंही थांबायचं. या परीक्षांशी माझं वैर नाही. त्यांनी हजारो मुलांच्या हाताला वळण लावलं, गावोगावच्या चित्रकलेच्या शिक्षकांना मान मिळवून दिला. पण त्यांच्याबरोबर घरोघरी एक समजूतही पक्की झाली, की कला ज्याला येते त्यानेच करावी. बाकीच्यांनी प्रदर्शनं बघावीत, सवाईची तिकिटं काढावीत, दाद द्यावी.

या समजुतीची मला आता भीती वाटते. आयुष्यात असे दिवस येतात, की बोलून काही हलत नाही, औषधाने झोप लागते पण जाग आल्यावर सगळं तिथेच असतं. त्या दिवसांत माणसाला हाताने काहीतरी घडवायची गरज लागते. आणि नेमकं तेव्हा आपल्याला आठवतं, की आपल्याला तर काही येत नाही.

माझ्या बाबांना चित्रकला येत होती असं कुणी म्हणालं नसतं. ते स्वतः तर नाहीच. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत ते ड्राफ्ट्समन होते. सेट स्क्वेअर, टोकदार टूएच पेन्सिल, आणि चूक खोडतानाही कागद चुरगळणार नाही असा हलका हात. आई गेली तेव्हा ते रडले नाहीत, निदान आमच्यासमोर नाहीत. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि बाबा दुपारचे स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. तिथे ते काय करतात हे विचारायचा धीर मला होत नव्हता.

एका दुपारी चहा टाकायला म्हणून आत गेले तर ओट्याशेजारच्या टेबलावर आमटीची पळी आडवी ठेवलेली होती. शेजारी व्हर्निअर कॅलिपर आणि ड्रॉइंगची जुनी वही. बाबांनी पळीची समोरून, वरून आणि बाजूने अशी तिन्ही दृश्यं काढली होती. दांड्याची लांबी, वाटीचा व्यास, पत्र्याची जाडी, सगळं मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. वाटीच्या कडेला एका ठिकाणी बाण काढून त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘झीज’.

“इथे बघ,” ते म्हणाले, “कड एकाच बाजूला पातळ झालीय. तुझी आई डावखुरी. उजव्या हाताने ढवळणाऱ्याची पळी दुसऱ्या बाजूला झिजते.”

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

पुढे त्या वहीत आईचं सगळं स्वयंपाकघर आलं. विळी, खलबत्ता, दूध तापवायचं पातेलं, गाळणी, चिमटा. सुरुवातीची पानं मापांनी गच्च भरलेली आहेत. नंतर नंतर मापं विरळ होत जातात. पोळपाटाच्या चित्रात एकही आकडा नाही, आणि पोळपाटाखाली चक्क सावली आहे. ड्राफ्ट्समन सावली काढत नाही. सावलीने यंत्र बनवणाऱ्याला काही कळत नाही. मला त्या पानाशी दर वेळी थांबावं लागतं. त्या दिवशी बाबा वस्तू मोजत नव्हते. ज्या उजेडात ती पडलेली होती, तो उजेड ते बघत होते.

याने ते दुःखातून बाहेर आले असं मी म्हणणार नाही. रक्तदाब होता तिथेच राहिला, रात्रीची झोप तुटकच होती. पण ते आईबद्दल बोलू लागले, तिच्या तिखट आमटीबद्दल कुरकुर करू लागले, वर्षानुवर्षांची भांडणं पुन्हा काढू लागले. आई गेल्यानंतर घरातून तिचं नावच नाहीसं झालं होतं. ते वहीच्या वाटेने परत आलं.

त्याच काळात मी त्यांना बाजीराव रस्त्यावरच्या राजा केळकर संग्रहालयात घेऊन गेले. शाळेच्या सहलीला आपण सगळेच तिथे गेलेलो असतो आणि मस्तानी महाल बघून परतलेलो असतो. बाबा तासभर अडकित्त्यांपाशीच उभे होते. दिनकर गंगाधर केळकर हे कवी, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे. खेडोपाडी, जुन्या वाड्यांतून, बाजारांतून हिंडत त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या: दिवे, कुलपं, दौती, फण्या, अंग घासायच्या वज्री. पत्नी कमलाबाईंची त्यात जन्मभर साथ होती. आज या संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. आणि या सगळ्याला नाव आहे ते लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं. इतर कुणाच्या तरी घरातल्या, इतर कुणाच्या तरी हातांनी झिजलेल्या वस्तू एका बापाने आपल्या मुलाच्या नावाखाली सांभाळून ठेवल्या.

पण त्या दिवशी मला जास्त वेळ धरून ठेवलं ते अडकित्त्यावरच्या मोराने. मोर कोरल्याने सुपारी काही बरी कातरली जात नाही. दिव्याच्या दांडीवर हंस बसवल्याने उजेड वाढत नाही. ज्या कारागिराने तो मोर कोरला त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही, आणि त्याला ते लागणार आहे असं वाटलंही नसेल. काम पुरं झाल्यावरही त्याचा हात थांबला नाही. हे जे थांबता न येणं आहे, त्याला मी प्रार्थनेच्या फार जवळचं मानते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी मागितलेलं नाही, त्याचे जास्तीचे पैसे मिळतील याचीही खात्री नाही, तरी माणूस वस्तूला आपल्यातलं थोडं देतो. आणि देता देता स्वतः हलका होतो.

हे माझं भाबडेपण नाही, याला आता अभ्यासाचाही आधार आहे. इंग्लंडमधले चित्रकार एड्रियन हिल यांना १९३८ मध्ये क्षयासाठी सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. अंथरुणातून दिसतील तेवढ्याच वस्तू ते काढत राहिले आणि मग शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांनाही कागद-पेन्सिल देऊ लागले. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्यांनी १९४२ मध्ये वापरात आणला. पलंगाच्या आजूबाजूचं रेखाटणारा हिल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला बाबांची पळी आठवली. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर, चिकटकामाचं साहित्य दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, तपासलं. सुमारे पाऊणशे टक्के लोकांत ते कमी झालं होतं. अभ्यास छोटा आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: आधीचा सराव असलेले आणि नसलेले, यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे सी ग्रेडवाल्या हातालाही तेच मिळालं.

आपल्याकडे हे बायकांना केव्हाचं ठाऊक होतं, फक्त त्याला कुणी थेरपी म्हटलं नाही. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह मुळशी-मावळपासून महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आता त्यातल्या कितीतरी ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात त्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. ऐकायला बसलं की तासन्‌तास जातात. माहेरची वाट, न आलेला भाऊ, लेकीच्या जन्माचं ओझं, वनवासातली सीता, विठ्ठल, आणि पुन्हा भाऊ.

ओवी कुठे जन्मते ते बघा. पहाटे, घर उठायच्या आधी, अंधारात. समोर सासू नसते, नवरा नसतो. समोर जातं असतं, आणि या बायकांनी त्या जात्यालाच ईश्वर म्हटलं. खुंट्याला हात, दगडाची घरघर, वैरण घालायची लय. त्या लयीत जे दिवसभर तोंडातून निघणं शक्य नव्हतं ते निघायचं. तक्रार केली असती तर घर पेटलं असतं. ओवी केली म्हणून ती शेजारणीने उचलली, तिच्या सुनेने तिच्यात एक ओळ वाढवली, आणि एकीचं दुःख गावाचं गाणं झालं. दळण हे कंबर मोडणारं काम होतं, ते गेलं हे फार चांगलं झालं, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पण विजेवरची गिरणी आली तेव्हा दळणाबरोबर तो पहाटेचा तासही गेला. त्याच्या जागी बाईच्या हक्काचा दुसरा तास आपण ठेवला नाही.

मला वाटतं, हात आधी आणि शब्द नंतर, हा क्रम फार जुना आणि खरा आहे. तुकोबांचंच बघा. आपण त्यांची सुरुवात अभंगापासून धरतो. पण १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, त्यानंतर त्यांनी पहिलं काय केलं, ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय: देहूतलं विठ्ठलाचं मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. मग कीर्तनात धृपद धरणं, संतांची वचनं पाठ करणं, आणि त्यानंतर कवित्व. या क्रमाकडे आपण घाईत दुर्लक्ष करतो. ज्याचं सगळं ढासळलंय त्याने आधी माती कालवली, भिंत उभी केली. मग दुसऱ्यांच्या सुरात सूर मिसळला. स्वतःचे शब्द सगळ्यात शेवटी आले. भंडाऱ्याच्या डोंगरावर गेलं की लोक तुकोबांच्या एकांताबद्दल बोलतात. मला तिथे चिखलाने माखलेले त्यांचे हात दिसतात.

गोरोबा मडकी घडवत होते, सावतोबा मळा शिंपत होते, जनाबाई दळत होती. आषाढात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत जे टाळकरी रात्री उशिरापर्यंत उभे असतात, त्यांच्यातल्या किती जणांना गाणं ‘येतं’? कुणी तो प्रश्नच विचारत नाही. टाळ हातात घेतला की माणूस दिंडीत सामील. अध्यात्म म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी याच्यापलीकडे फार काही सांगू शकत नाही. जे करताना थोडा वेळ ‘मी’ची घट्ट गाठ सैल होते, आणि आपण एकटे नाही हे बुद्धीला नाही तर हातांना कळतं, ते.

कलेने माणूस वाचतोच, असं मात्र म्हणता येणार नाही. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस ही बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकलेली चित्रकार. नाझींनी तिला १९४२ च्या डिसेंबरात तेरेझीनच्या छळछावणीत पाठवलं. तिथल्या मुलांना ती चित्रकला शिकवत राहिली. कागद मिळेल तो, कचेरीच्या वापरलेल्या फॉर्मांची मागची बाजूसुद्धा. चित्रावर स्वतःचं नाव घालायला ती मुलांना सांगायची. छावणीत त्यांची ओळख आकड्यापुरती उरलेली होती. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्यापूर्वी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली. चित्रं वाचली. ती काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. प्रागमधली तिची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर आधीच न्यूयॉर्कला पोहोचली होती, आणि पुढे कलोपचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाली. ही हकिगत मी जवळ ठेवते, कारण कुणी हौसेने ‘चित्र काढा, सगळं ठीक होईल’ असं म्हणू लागलं की तिची आठवण झाली पाहिजे. सगळं ठीक होत नाही. तरीही त्या तासाभरात ती मुलं फुलपाखरू काढणारी मुलं होती, आणि तेवढा तास त्यांच्याकडून कुणालाही काढून घेता आला नाही.

पुण्यात हा विचार रोजच्या कामात उतरवलेला माणूस म्हणजे अनिल अवचट. १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. अवचट डॉक्टर होते, लेखक होते, आणि कागदाच्या घड्या घालणारे, लाकूड कोरणारे, चित्रं काढणारे, बासरी वाजवणारेही होते. यातल्या कशाचं त्यांनी करिअर केलं नाही. व्यसन सुटताना माणसाला सगळ्यात जड जातो तो मोकळा वेळ आणि रिकामे हात. दारू सोड, हे सांगणारे शंभर असतात. सोडल्यावर संध्याकाळी सातला हातांनी काय करायचं, हे कुणी सांगत नाही. कागदाचा चौकोन घ्यायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, नखाने घडी पक्की करायची. थरथरणाऱ्या बोटांसाठी यातली प्रत्येक घडी म्हणजे पार पडलेलं एक काम असतं. २०२२ च्या जानेवारीत अवचट गेले, तेव्हा पुण्यातल्या कितीतरी घरांत त्यांनी दिलेली कागदाची खेळणी शोधली गेली असतील.

माझा स्वतःचा हात मातीत पडला तो आईनंतरच्या गणपतीला. सुतक-वर्षाचा विचार आमच्याकडे फार कडक नव्हता. बाबा म्हणाले, मूर्ती आणायला नको, घरीच करू. शाडूची माती मळताना तळव्यांना जो गारवा लागतो तो पोटापर्यंत जातो. सोंड दोनदा गळून पडली, कान जाड झाले. सगळ्यात शेवटी डोळे. पेणच्या कारखान्यांत या कामाला आखणी म्हणतात आणि ती मुरलेल्या हाताकडेच सोपवतात. आमच्या मूर्तीची आखणी बाबांनी केली, श्वास रोखून, दोन केसांच्या ब्रशने. डोळे उघडले आणि इतका वेळ माती असलेली गोष्ट आमच्याकडे बघू लागली. मग प्राणप्रतिष्ठा, आरत्या, मोदक, आणि दीड दिवसाने बादलीत विसर्जन. मूर्ती मातीची, म्हणून तर तिला पार्थिव म्हणतात, आणि जे घडवलं ते ठेवायचं नाही, हे त्या पूजेतच लिहिलेलं आहे. आम्ही ती माती वाळवून डब्यात भरून ठेवतो आणि पुढच्या वर्षी तीच भिजवतो. इतका देखणा विचार आपल्या सणात असताना आपण दहा फुटांच्या मूर्तींच्या मागे का लागलो, हे मला खरंच समजत नाही.

आईच्या आजारपणात आम्ही एका मोठ्या रुग्णालयाच्या बाकांवर दिवसचे दिवस बसून काढले. भिंतीवर टीव्ही, त्यावर आवाज बंद केलेल्या बातम्या. नातेवाईक मोबाइलवर बोटं फिरवत होते. कुणी पदराच्या टोकाला गाठी मारायचं, सोडायचं, परत मारायचं. त्या गाठी बघून मला आजही वाटतं, की तिथे एक लांब टेबल असायला हवं होतं. जाड कागद, खडू, दोरा, मातीचा गोळा. शिकवणारं कुणी नको. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसाला सल्ल्याचा कंटाळा आलेला असतो, त्याच्या बोटांना काम हवं असतं. याला खर्च किती येईल? तिथल्या एका दिवसाच्या पार्किंगच्या पैशांत महिन्याचे कागद येतील.

रुग्णालयात टेबल मांडणं माझ्या हातात नाही, म्हणून आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मांडलं. दर शनिवारी दुपारी. प्रदर्शन नाही, बक्षीस नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. कुणाच्या कामाला ‘छान’ म्हणायचं नाही, हा नियम सगळ्यांना जड गेला. पण ‘छान’ आलं की मागोमाग ‘तितकंसं छान नाही’ येतंच. फार तर विचारायचं, हे काय आहे? आणि मग ऐकायचं. एक निवृत्त काका सुतळीच्या गाठी मारतात, फक्त गाठी. बाळंतपणानंतर खचलेली एक मुलगी पानभर एकच निळा रंग लावत बसते, आणि ते बाळ शेजारी दुपट्यावर झोपलेलं असतं. तीन घरी पोळ्या करणाऱ्या मुळशीकडच्या मावशी पहिले काही शनिवार दारातच उभ्या राहिल्या. “ताई, मला नाही बाई येत असलं काही.” मग एकदा आत येऊन मातीचा गोळा हातात घेतला, तो तळव्यांत गोल गोल फिरवत राहिल्या, आणि त्या फिरवण्याच्या तालावर अगदी हळू आवाजात ओवी आली. त्यांच्या आईची होती म्हणाल्या, शेवटची ओळ आत्ताच जोडली. आता त्या हाताला लागलेलं पीठही न धुता थेट येतात, आणि बाबा त्यांच्यासाठी खुर्ची धरून ठेवतात.

एरंडवण्याच्या आसपास राहत असाल तर या, चार ते सहा. कागद आणि माती आमच्याकडे भरपूर आहे. कात्र्या कमी पडतात, तेवढी घरची घेऊन या.